आडव्या प्रेशर व्हेसलच्या सरकत्या सॅडलखाली घर्षण किती धरावे?

प्रश्न:
दोन सॅडलवरील (खालून धरणारे आधार; एक स्थिर, दुसरा सरकता) एका आडव्या व्हेसलचे (दाबाखालील टाकीचे) चालू स्थितीतील वजन ६०० किलोन्यूटन असून ते दोन्हींवर समान येते. सॅडलमधील अंतर ८ मीटर, तापमानवाढ १८० अंश सेल्सिअस, म्हणजे कार्बन स्टीलचे प्रसरण सुमारे १७ मिलिमीटर. स्टीलवर स्टील सरकणार आहे. घर्षण गुणांक (घर्षणाचे बल भागिले वरचा भार) ०.३ धरावा की ०.४? आणि हे घर्षण भूकंपाच्या अनुदैर्घ्य (व्हेसलच्या लांबीच्या दिशेतील) बलातून वजा करता येईल का?

उत्तर १:
०.४ धरावा. नव्या, स्वच्छ पृष्ठभागांवर तो कमी भरेलही, परंतु गंज चढलेली आणि वर्षभर न हललेली प्लेट पुन्हा सरकवताना लागणारे बलच आपल्याला हवे आहे. ३०० × ०.४ म्हणजे १२० किलोन्यूटन. हे बल सरकत्या सॅडलपाशी संपत नाही. तेवढेच, उलट दिशेचे बल स्थिर सॅडलवरही येते आणि घाईच्या गणितात नेमके हेच सुटते. पेडेस्टल (सॅडलखालचा आधारखांब) १.८ मीटर उंच असेल, तर त्याच्या तळाशी २१६ किलोन्यूटन-मीटरचे आघूर्ण (बल गुणिले उंची) येईल. सॅडलची वेब (मुख्य उभी प्लेट) आणि रिब्ज (तिला ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या) यांचे वाकणेही याच बलासाठी तपासावे.

भूकंपाच्या बलातून मात्र काहीही वजा करू नये. उभ्या धक्क्याने सॅडलवरचा दाब क्षणोक्षणी कमी होतो, म्हणून अनुदैर्घ्य बल संपूर्णपणे स्थिर सॅडलनेच घ्यावे. घर्षण बाधते तिथे ते मोठे धरावे, मदत करते तिथे शून्य.

उत्तर २:
आधार लवचीक स्टीलचा असेल, तर सरकणे कदाचित होणारच नाही. प्रत्येक आधाराची दृढता (तो एक मिलिमीटर वाकवायला लागणारे बल) मिलिमीटरला १० किलोन्यूटन असल्यास १७ मिलिमीटर प्रसरण दोघांत विभागून सुमारे ८६ किलोन्यूटन बल येते, म्हणजे १२० पेक्षा कमी. दोहोंतील लहान बल घ्यावे. काँक्रीटच्या बुटक्या पेडेस्टलला ही सवलत सहसा मिळत नाही.

प्रश्नकर्ता:
सरकत्या सॅडलखाली टेफ्लॉन (कमी घर्षणाचे प्लास्टिक) बसवल्यास ०.०५ चालेल का?

उत्तर १:
उत्पादकाचा आकडा तितका असला, तरी मी ०.१ धरेन, कारण धूळ बसते आणि कमी दाबाखाली टेफ्लॉनचा गुणांक वाढतो. तरीही बल ३० किलोन्यूटनवर येते, हा फायदा मोठाच आहे. वरची स्टेनलेस प्लेट इतकी रुंद ठेवावी की पूर्ण सरकल्यावरही टेफ्लॉन उघडे पडणार नाही. सरकत्या बाजूचे नट घट्ट आवळले किंवा स्लॉटमध्ये (बोल्टसाठीच्या लांबट भोकात) ग्राउट (तळाखाली भरायचे सिमेंटचे मिश्रण) शिरले, तर यातला कोणताही गुणांक खरा उरत नाही. व्हेसल तापून बाहेरच्या बाजूला वाढते, त्यामुळे थंड स्थितीत बोल्ट स्लॉटच्या बाहेरील टोकाकडे हवा. ही सूचना ड्रॉइंगवर स्पष्ट लिहावी.