मदत हवी आहे: पामीरला (गोर्नो-बदख्शान) ओशकडून जावं की दुशान्बेकडून?

नमस्कार मंडळी,

पुढच्या जुलैत ताजिकिस्तानात पामीर महामार्गाने जायचं घाटतंय. सोबत आई असेल, वय चौसष्ट. लेह करून आलीये, पण तिथे सुरुवातीला डोकं धरून बसली होती, म्हणून आत्तापासून विचारतोय.

नकाशा बघून चक्रावलोय. गोर्नो-बदख्शान या ताजिकिस्तानच्या पूर्वेकडच्या प्रांताचं क्षेत्रफळ सुमारे ६४,००० चौ. किमी, म्हणजे जवळपास अख्खा मराठवाडा. लोकवस्ती मात्र सव्वादोन लाखांच्या आसपास! देशाचा ४५ टक्के भूभाग आणि माणसं तीन टक्केही नाहीत. पूर्वेचा एकटा मुरगाब जिल्हा आपल्या कोकणाहून मोठा आणि त्यात राहतात पंधराएक हजार. आजारी पडलं तर जायचं कुठे, हा आईचा पहिला प्रश्न. (माझा दुसरा: पेट्रोल.)

नेमकं विचारायचंय ते असं: किर्गिझस्तानातल्या ओशहून शिरून खोरोगला (प्रांताचं मुख्य शहर) उतरावं की राजधानी दुशान्बेहून चढत जावं? स्वायत्त प्रांत म्हणतात, तर त्याचा परवाना वेगळा काढायचा का? आणि रशियन येत नसेल तर गावात निभतं का?

प्रतिसाद १

आई सोबत असतील तर डोळे मिटून दुशान्बेहून. ओश हजारेक मीटरवर आहे. तिथून निघालात की ४,२८० मीटरची किझिल-आर्ट खिंड ओलांडून मुक्काम कराकुलला, म्हणजे ३,९०० मीटरवर. एका दिवसात एवढी चढण नकोच. दुशान्बेकडून कलाई-खुम्ब, मग पंज नदीच्या काठाने खोरोग (साधारण २,१०० मीटर). पलीकडच्या तीरावर अफगाणिस्तान, गाढवं हाकणारी माणसं स्पष्ट दिसतात. खोरोगला निवांत राहा, मगच मुरगाब (३,६०० मीटर). ४,६५५ मीटरची अक-बायताल खिंड त्याच्याही पुढे आहे, तब्येत बघून ठरवा. मोठं इस्पितळ खोरोगलाच, आगाखान संस्थेने उभारलेलं. पुण्याच्या आगाखान पॅलेसवाल्यांचंच हे आगाखान घराणं. पश्चिमेकडचे पामिरी बहुतांश इस्माइली, म्हणजे आगाखानांना मानणारे शिया मुस्लिम आहेत. १९९२ ते ९७च्या यादवीत या संस्थेच्या धान्यावर प्रांत तगला.

परवाना लागतोच. ई-व्हिसाच्या अर्जात त्यासाठी वेगळी खूण करावी लागते, आणि नाक्यानाक्यावर पासपोर्टसोबत तो बघतात. छापील प्रती भरपूर ठेवा. स्वायत्ततेचं म्हणाल तर राज्यघटनेत स्वतंत्र प्रकरण आहे, प्रांताची निवडून आलेली सभा आहे. पण प्रांतप्रमुख नेमतात राष्ट्राध्यक्षच. २०२२च्या मे महिन्यात तिथे सरकारी कारवाईत बरीच माणसं गेली. लोकांशी राजकारण काढू नका, त्यांनाच त्रास होतो.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. फक्त एक: हा एक प्रांत समजून जाऊ नका, दोन आहेत. पश्चिमेला अरुंद खोरी, जर्दाळूची झाडं, ओढ्याकाठची गावं. भाषा शुघ्नी, रुशानी, वाखी, खोऱ्यागणिक वेगळी. पूर्वेला उघडं पठार, याक आणि किर्गिझ लोक, तेही सुन्नी. मुरगाबात बरेच जण घड्याळसुद्धा किर्गिझस्तानचं लावतात, दुशान्बेच्या एक तास पुढे. गाडीवाला "सातला" म्हणाला तर कुठले सात ते विचारून घ्या.

रशियन नसली तरी खोरोगात तरुण पोरं इंग्रजी छान बोलतात. पठारावर मात्र ड्रायव्हरच दुभाष्या, तेव्हा तो बोलका निवडा. सकाळी शिरचाय मिळेल: दूध, लोणी आणि मीठ घातलेला चहा, त्यात पाव कुस्करायचा. आईंना आधी सांगून ठेवा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. दुशान्बे पक्कं. मिठाचा चहा ऐकून आईने घरची चहापत्ती आणि साखर यादीत टाकलीये. आता एवढंच सांगा, खोरोगहून मुरगाबला पूर्ण गाडी ठरवायची की शेअर जीपमध्ये पुढची सीट मिळते? रस्ता तीनशे किलोमीटरच्या वर आहे, मागे कोंबून बसणं आईला झेपणार नाही.