अनुभव धागा: जीएसटी नंबर घेतल्यावर तुमच्या मालाचा भाव कुठे गेला?

दुपटेवाली
आज माळा आवरताना २०१८ ची निळ्या पुठ्ठ्याची वही सापडली. एका पानावर मधोमध उभी रेघ आणि दोन रकाने: 'आधी' आणि 'नंबरानंतर'. झबलं-टोपडं-दुपटं सेट, आधी ३८०, नंबरानंतर ३९९. धूळ झटकायची सोडून तिथेच बसून राहिले.

वर्षाची विक्री जेमतेम दोन-अडीच लाख. तेव्हा वर्षाला २० लाखांच्या आत विकणाऱ्यांना नंबर लागत नसे, पण ती मर्यादा मला लागूच नव्हती, कारण ऑनलाइन विक्रीच्या पोर्टलवरून विकायचं तर पहिल्या रुपयापासून नंबर हवा. घेतला. पंधरा दिवसांत ठरलेल्या गिऱ्हाइकांचे मेसेज सुरू, "ताई, तसाच सेट व्हॉट्सअ‍ॅपवर ३६० ला मिळतोय." घाबरून किंमत परत ३८० केली. म्हणजे त्यातलाच ५ टक्के कर, १८ रुपये १० पैसे, प्रत्येक सेटमागे माझ्या पदरचा. शेजारच्या दोघी माझ्यासाठी शिवायच्या, सेटला ७० रुपये. दिवाळीपासून ८० देईन म्हणून मी शब्द दिला होता. त्या वर्षी तो पाळता आला नाही. वहीत '८०' लिहून खोडलेलं दिसतंय. आज तेच सलतंय.

तुमचं काय झालं? लिहा ना.

खटपट्या
रिटर्न, म्हणजे जीएसटीचं विवरणपत्र!!! किमतीचं सोडा. २०१९ मध्ये मुलगी झाली, तीन महिने विक्री शून्य, म्हणून रिटर्नही भरलं नाही. शून्य रिटर्नलासुद्धा दिवसाला २० रुपये विलंब शुल्क असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. बाकी नंतर लिहितो, कुकर झालाय.

मधुमालती
दुपटेवाली, ते खोडलेलं ८० वाचून गलबललं गं. त्या दोघी अजून शिवतात का तुझ्याकडे?

ताळेबंद
ताई, कापडाचं पक्कं बिल घेत होता का? तुमच्याच आकड्यांवर मांडून दाखवतो, कापड आणि कमिशन अंदाजाने धरलंय.

३९९ मध्ये माल ३८०, कर १९. कापड १४० चं, त्यावर ५ टक्के म्हणजे ७ रुपये तुम्ही आधीच दिलेत. पोर्टलचं कमिशन ६० धरू, त्यावर १८ टक्के, १० रुपये ८० पैसे. दोन्हींचं क्रेडिट घेतलं, म्हणजे खरेदीवर दिलेला कर विक्रीच्या करातून वळता केला, तर १७.८० वजा होतात आणि सरकारला रोख भरायचा राहतो १ रुपया २० पैसे.

आता हिशेबापुरता समजा, त्याच पोर्टलवर बिननंबरचा विक्रेता असता. त्याला १७.८० परत मिळत नाहीत, ते खर्चातच जातात. तुमच्याइतकेच पैसे सुटायचे तर त्याला ३९७.८० लावावे लागतील. फरक सव्वा रुपयाचा. व्हॉट्सअ‍ॅपवाली ३६० ला देऊ शकली कारण तिला कमिशनच नव्हतं. मुख्य मार तिथे बसला.

दुपटेवाली
@ताळेबंद, दोनदा वाचलं. कापडवाला पक्कं बिल द्यायचाच नाही. मागितलं की म्हणायचा, "मग मीटरमागे जास्त लागतील." आणि कमिशनवरचं क्रेडिट मिळतं हे मला २०२१ मध्ये कळलं. मागचं सगळं मुदतीबाहेर गेलेलं. म्हणजे शिलाईचे दहा रुपये माझ्या हातात होते की हो.

ताळेबंद
स्वतःला बोल लावू नका. पहिल्या दोन वर्षांत मोठमोठ्या दुकानदारांनाही हे उमगलं नव्हतं. शिवाय शिलाईवर क्रेडिट नसतंच, कारण शिवणाऱ्यांकडे नंबर नाही. ज्याच्या मालात हातकाम जास्त, त्याला नंबर जास्त जड जातो. तयार माल घेऊन विकणाऱ्याला तेवढं जाणवत नाही.

कोल्हापुरी_साज
आता १ ऑक्टोबर २०२३ पासून वर्षाला ४० लाखांच्या आत विकणाऱ्यांना पोर्टलवर नंबराशिवाय विकता येतं, पॅनवर नावनोंदणी करून. मी आनंदाने केली. पण राज्याबाहेर माल पाठवायचा नाही! आमचं निम्मं गिऱ्हाईक निपाणी-बेळगावचं. तास-दोन तासांच्या वाटेवरची, मराठी बोलणारी, लग्नसराईत हमखास ठुशी मागवणारी माणसं. पुण्याला पाठवलेलं चालतं, निपाणीला नाही. शेवटी नंबर घेतला. इमिटेशनला ३ टक्केच आहे, ते गिऱ्हाइकाला जाणवत नाही. मला जाणवते ती सीएची फी. महिन्याला ४० ऑर्डरी असल्या तर प्रत्येक ठुशीवर ती कराइतकीच बसते.

पापडलाटी
पापडाला कर शून्य, माहितीये ना? २०१८ ला फक्त पापड विकत होते, तरी पोर्टलचा फॉर्म नंबराशिवाय पुढेच सरकेना. नाद सोडला, फोनवरच विकत राहिले. आता चिवडापण करते. पाकीटबंद चिवड्याला १२ टक्के होते, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाले. त्यामुळे पुन्हा विचार करतेय.

खटपट्या
पापडलाटीताई, पोह्याचे पापड करता का? आईला हवेत.

पापडलाटी
करते की! मार्चमध्ये ऊन लागलं की घालणार. मेसेज करा.

काठपदर
कपड्यांत १००० ची भिंत आठवतेय का कुणाला? हजारापर्यंत ५ टक्के कर, वर १२. काठाचा कुर्ता १०५० ला विकला तर कर जाऊन हातात १०००. तोच ११०० ला विकला तर हातात ९८२! किंमत वाढवून कमाई कमी. एकदा अस्तर लावून ११०० केला, आठवडाभर हिशेब का चुकतोय ते कळेना. आता ती भिंत २५०० वर सरकली आहे, पलीकडे १८ टक्के. नऊवारी शिवून विकणाऱ्यांनी जपून.

मेणवात
माझं उलट. नंबर घेतला म्हणूनच टिकले. दिवाळीला ऑफिसवाले मेणबत्त्यांचे एकदम दोनशे बॉक्स घेतात, आणि भाव विचारण्याआधी विचारतात, "जीएसटी बिल मिळेल ना?" बिननंबरचा स्वस्त देत असला तरी त्यांच्या अकाउंट्सवाल्याला चालत नाही. घरगुती गिऱ्हाईक मात्र तुटलं हे खरं.

निवांत
भाड्याच्या घरात असाल तर नंबरासाठी आधी घरमालकाचं संमतीपत्र. आमच्या मालकांना वाटलं घर कारखाना होणार. सहा महिने गेले समजावण्यात.

कोल्हापुरी_साज
@ताळेबंद, छोट्या विक्रेत्यांची ती कंपोझिशन योजना घेतली तर? १ टक्काच ना?

ताळेबंद
हो, पण तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, क्रेडिट नाही, आणि राज्याबाहेर विक्री नाही. म्हणजे तुमची निपाणी पुन्हा गेली. आणि टीसीएसचं बघा, विक्रीच्या पैशांतून विक्रीचं पोर्टल कापून घेतं तो कर. आधी १ टक्का होतं, जुलै २०२४ पासून अर्धा. ते तुमच्याच कॅश लेजरमध्ये, म्हणजे जीएसटीच्या खात्यात, जमा होतं, पण महिन्याच्या महिन्याला तुम्हाला जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर जाऊन स्वीकारावं लागतं. पुष्कळांचं तसंच पडून राहतं.

कोल्हापुरी_साज
थांबा, आत्ता लॉगिन करून बघते.

दुपटेवाली
@मधुमालती, एक मुलाकडे नाशिकला गेली. दुसरी अजून शिवते, आता सेटला १५० देते. मघाशीच वही घेऊन तिच्याकडे गेले होते. तिनं ते पान पाहिलं आणि म्हणाली, "अगं, तेव्हा टोपड्याला नाडी पण मीच आणत होते, ती धरली होतीस का?" नव्हती धरली.

कोल्हापुरी_साज
अकरा महिन्यांचं पडलंय!! ताळेबंद, हे सगळं एकदम स्वीकारता येतं का?