दोस्त न्यू जर्सीत, रिव्हॉल्व्हर टेक्सासात: भेट द्यायचं कसं?

निवृत्त_नेमबाज

मंडळी नमस्कार. बंदुकीचा विषय काढला की निम्मे लोक अंगावर येतात, हे ठाऊक आहे. तो वाद आज नको, मला फक्त कायदा समजून घ्यायचा आहे.

मी डॅलसजवळ राहतो, वय ६७, अमेरिकेचा नागरिक. माझ्याकडे स्मिथ अँड वेसनचं ६८६ आहे. .३५७ मॅग्नम, सहा गोळ्यांचं, चार इंची नळीचं. मूळची रबरी मूठ मला आवडली नाही, म्हणून अक्रोडाच्या लाकडाची आणली आणि आठवडाभर गॅरेजमध्ये बसून ती पॉलिशपेपरने घासली, हातात नेमकी बसेपर्यंत. हात माझा नव्हे, दोस्ताचा. पंधरा वर्षं दर शनिवारी आम्ही रेंजवर जायचो. त्याने स्वतःचं हत्यार कधी घेतलंच नाही. अडतीस स्पेशल गोळ्यांचा डबा तो आणायचा, रिव्हॉल्व्हर माझं, आणि नेम त्याचा बरा.

दोन वर्षांपूर्वी तो लेकीजवळ राहायला न्यू जर्सीला गेला. इकडे माझ्या डोळ्याच्या पडद्याचं दुखणं वाढलं. पुढच्या साइटवर एक लाल तुकडा असतो, नेम धरताना तोच बघायचा. आता बरोबर तिथेच करडा डाग येतो. आजूबाजूचं सगळं दिसतं, बघायचं तेवढंच दिसत नाही. मागच्या महिन्यात सहापैकी दोन कागदाला लागल्या. शेजारच्या लेनमधल्या पोराने येऊन ‘अंकल, बरं वाटतंय ना?’ असं विचारलं, तेव्हाच ठरवलं.

रिव्हॉल्व्हर त्याला द्यायचं. पैसे नकोत. थँक्सगिव्हिंगला तो आणि वहिनी आमच्याकडे येताहेत. जेवणं झाल्यावर डब्यात घालून हातात ठेवलं तर चालेल का? तो ग्रीन कार्डवर आहे. आमची ही म्हणते, आधी विचारा, मग मिरवा.

बिनधास्त_बाळू

काका, टेक्सास आहे हे! इथे खासगीत देण्याघेण्याला कागद लागत नाही. मी माझी शॉटगन शेजाऱ्याला अशीच दिली. त्यात तुम्ही विकतही नाही आहात, भेट देताय. द्या बिनधास्त.

आधी_कागद

बाळू, थांब जरा. तुझा शेजारी टेक्सासचा, काकांचे मित्र न्यू जर्सीचे. सगळा फरक तिथेच पडतो.

काका, जेवणानंतर हातात ठेवायचं नाही. १९६८ च्या फेडरल कायद्याप्रमाणे, ज्याच्याकडे बंदूकविक्रीचा परवाना नाही अशा माणसाने दुसऱ्या राज्याच्या रहिवाशाला बंदूक परस्पर देणं गुन्हा आहे. विकली काय, बदल्यात दिली काय, भेट दिली काय, कायद्याला सगळं सारखंच. केनेडींवर झाडलेली रायफल टपालाने मागवलेली होती. त्यानंतर पाच वर्षांनी हा कायदा आला, त्यामुळे राज्याची हद्द ओलांडणाऱ्या व्यवहारावर त्याचा सगळा रोख आहे. देणारा एका कलमात अडकतो, घेऊन आपल्या राज्यात नेणारा दुसऱ्या. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. आणि तुमचे मित्र ग्रीन कार्डवर आहेत म्हणता. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते. तुमच्यावर खटला, त्यांच्यावर खटला आणि वर हद्दपारी. भेट महागात पडेल.

रीतसर मार्ग असा आहे. त्यांच्या राज्यातला एक परवानाधारक डीलर गाठायचा. रिव्हॉल्व्हर त्या डीलरकडे जाईल, तुमचे मित्र त्याच्या दुकानात जाऊन फॉर्म ४४७३ (बंदूक घेणाऱ्याने भरायचा फेडरल फॉर्म) भरतील, बॅकग्राउंड चेक होईल आणि मग ते घरी नेतील. मी कोलोरॅडोहून ओहायोतल्या सख्ख्या भावाला असंच दिलं. भावाभावांतही सूट नाही. माझ्या इथल्या डीलरने भावाच्या डीलरकडून परवान्याची प्रत मागवली, माझ्या ड्रायव्हिंग लायसनची झेरॉक्स खोक्यात टाकली, पाठवायचे पैसे घेतले. तिकडच्याने ट्रान्सफरचे ४० डॉलर घेतले. मला एकूण एक फोन आणि एक चक्कर पडली.

स्वतः पार्सल करायच्या भानगडीत पडू नका. हँडगन टपालातून पाठवण्यावर काँग्रेसने १९२७ साली बंदी घातली, आणि मोठ्या कुरिअर कंपन्या तुमच्याआमच्याकडून बंदूक घेत नाहीत. डीलरकडून डीलरकडे जाऊ द्या.

ग्रीन कार्डची अडचण नाही, ते बंदूक बाळगू शकतात. ४४७३ वर एलियन नंबर, म्हणजे ग्रीन कार्डावरचा नोंदणी क्रमांक, लिहावा लागतो, म्हणून कार्ड बरोबर ठेवायला सांगा. एच-वन-बी असते तर गोष्ट वेगळी होती. त्या व्हिसावर शिकारीच्या परवान्यासारखा एखादा अपवाद लागू होत नसेल तर बंदूक बाळगताच येत नाही. त्यांच्या घरात जावई वगैरे कुणी एच-वनवर असेल, तर तिजोरीची किल्ली किंवा कोड फक्त तुमच्या मित्राकडेच असू द्या.

निवृत्त_नेमबाज

बापरे. बरं झालं विचारलं. बायको स्क्रीनवर वाचतेय आणि काहीच बोलत नाहीये, त्याचा जास्त त्रास होतोय.

आणखी तीन शंका आहेत. तो इथे येणारच आहे, मग दोघांनी इथल्याच डीलरकडे जाऊन व्यवहार केला तर? दुसरं, त्याचं टेक्सासचं लायसन बहुधा अजून खिशात असेल, त्यावर काम होईल का? आणि तिसरं, मीच गाडीत घालून न्यू जर्सीला नेऊन दिलं तर? तेवढीच सहल.

आधी_कागद

पहिल्याचं उत्तर नाही. हँडगन डीलरला फक्त आपल्या राज्याच्या रहिवाशाच्याच हाती देता येते. रायफल किंवा शॉटगन असती तर दोन्ही राज्यांचे नियम पाळून तिथल्या तिथे जमलं असतं. रिव्हॉल्व्हरला ती सोय नाही.

दुसऱ्याचं त्याहून मोठं नाही. रहिवासी म्हणजे जिथे माणूस खरोखर घर करून राहतो तो. खिशातलं जुनं कार्ड दाखवून ४४७३ वर टेक्सासचा पत्ता लिहिला, तर ते खोटं निवेदन झालं, आणि तो पुन्हा स्वतंत्र गुन्हा. ज्यांची खरोखर दोन राज्यांत दोन घरं आहेत आणि वर्षातला काही काळ इथे, काही काळ तिथे राहतात, ते त्या त्या काळात त्या त्या राज्याचे धरले जातात. लेकीकडे कायमचा गेलेला माणूस त्यात बसत नाही.

तिसऱ्यासाठी कुणी न्यू जर्सीवाला बोलला तर बरं.

एडिसनकर

बोलतो. काका, गाडीने आणू नका. खरंच नका.

१९८६ च्या फेडरल कायद्यात प्रवासापुरतं संरक्षण आहे: रिकामी बंदूक, डिकीत, हाताशी येणार नाही अशी. डिकी वेगळी नसेल तर कुलूपबंद पेटीत, आणि ग्लोव्ह कंपार्टमेंट ही पेटी धरत नाहीत. पण हे संरक्षण जिथून निघालात आणि जिथे पोचणार, दोन्हीकडे तुम्हाला ती बाळगायची कायदेशीर मुभा असेल तरच. तुमचं शेवटचं टोक न्यू जर्सी आहे, तिथे बाहेरच्या माणसाच्या हातातली हँडगन म्हणजे आगीशी खेळ. २००५ मध्ये युटाचा एक गृहस्थ पेनसिल्व्हेनियाला निघाला होता. पिस्तूल रीतसर जाहीर करून, कुलूप लावून, सामानात दिलेलं. नेवार्कला पुढचं विमान चुकलं, सामान हातात आलं, रात्र हॉटेलात काढली. सकाळी विमानतळावर पुन्हा प्रामाणिकपणे सांगितलं की सामानात पिस्तूल आहे, आणि बेड्या पडल्या. आरोप पुढे मागे घेतले, पण आधी काही दिवस कोठडीत गेले. त्याने केलेला दावा २०१० मध्ये अपील कोर्टातही हरला. कोर्टाचं म्हणणं असं की रात्रभर सामान तुझ्या हाताशी होतं, मग संरक्षण कसलं?

आता मुद्द्याचं. आमच्याकडे डीलरकडे जाण्याआधीची पायरी मोठी आहे. हँडगन घ्यायला आधी परमिट लागतं, भेट मिळत असली तरी. एका परमिटवर एकच. अर्ज, बोटांचे ठसे, चांगल्या वर्तणुकीची ग्वाही देणारे दोन ओळखीचे, आणि मग वाट बघणं. मिळालं की ९० दिवस चालतं, सबळ कारण असेल तर आणखी ९०. म्हणून क्रम उलटा करू नका. आधी त्यांच्या हातात परमिट येऊ द्या, त्यांना इथला डीलर ठरवू द्या, मग तुमच्या डीलरला पाठवायला सांगा. नाहीतर रिव्हॉल्व्हर इथल्या कपाटात पडून राहील आणि काही डीलर ठेवण्याचे पैसे लावतात.

एक बरं आहे, सहा गोळ्यांचं आहे. आमच्याकडे दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन चालत नाही, पिस्तूलवाले त्यात अडकतात. आणि डब्यात तळाशी राहिलेल्या चार गोळ्या ‘असू दे’ म्हणून पाठवू नका. होलो पॉइंट, म्हणजे टोकाशी पोकळ असलेल्या, गोळ्यांचे आमचे नियम वेगळेच आहेत. दोस्ताला इथे विकत घेऊ दे.

बिनधास्त_बाळू

माघार घेतो काका, चुकलं. पण मग जुनं पाठवण्याची यातायात कशाला? त्यांना पैसे पाठवू देत, तुम्ही इथे तुमच्या नावावर नवीन घ्या आणि डीलरतर्फे पाठवा. रीतसरच झालं की.

आधी_कागद

बाळू, तुझ्या प्रत्येक सल्ल्यावर एकेक कलम आहे. व्हर्जिनियातल्या एका माजी पोलिसाने हेच केलं. त्याच्या पेनसिल्व्हेनियातल्या काकांनी ४०० डॉलरचा चेक पाठवला, त्यावर ग्लॉक १९ पिस्तुलासाठी म्हणून लिहिलेलंही होतं. पुतण्याने ग्लॉक घेतलं आणि पुढे पेनसिल्व्हेनियातल्या डीलरतर्फेच, काकांचा बॅकग्राउंड चेक करून, सुपूर्द केलं. तरीही ४४७३ वर ‘खरा खरेदीदार मीच’ असं लिहिल्याबद्दल दोषी ठरला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०१४ मध्ये पाच विरुद्ध चारने निकाल त्याच्या विरोधात लागला. स्वतःच्या पैशाने घेऊन भेट देणं वेगळं, दुसऱ्याच्या पैशाने त्याच्यासाठी घेणं वेगळं. आपल्या नेमबाज काकांचं रिव्हॉल्व्हर आधीपासूनचं आहे, त्यांना हा प्रश्नच नाही.

झब्बू

एक पळवाट आहे बरं का. मृत्युपत्राने दुसऱ्या राज्यातल्या माणसाला बंदूक गेली तर ही आंतरराज्य बंदी लागू होत नाही. कायद्यातच तसं म्हटलंय.

निवृत्त_नेमबाज

झब्बूशेठ, ही वाचून म्हणाली, ‘मग घाई काय आहे, थांबूया की.’ एका रिव्हॉल्व्हरसाठी मरणं मला परवडणार नाही.

काल रात्री दोस्ताला फोन करून सगळं वाचून दाखवलं. पाच मिनिटं गप्प. मग म्हणाला, ‘दोन ओळखीचे कुठून आणू, इथे मला फक्त नातवाचे मित्र ओळखतात.’ शेवटी ढोल-ताशा पथकातला एक आणि वरच्या मजल्यावरचा एक निवृत्त प्राध्यापक असं जमवलंय. अर्ज या आठवड्यात जाईल. मी इथल्या डीलरशी बोलून ठेवलंय. त्याने खोक्यावर लिहायला म्हणून किंमत विचारली, मला सांगता येईना.

आता एकच विचारतो, थँक्सगिव्हिंगला तो येईल तेव्हा रेंजवर त्याने ते चालवलं तर?

आधी_कागद

चालवू द्या. खेळापुरतं तात्पुरतं वापरायला देणं या बंदीतून वगळलेलं आहे. संध्याकाळी ते तुमच्या तिजोरीत परत आलं की झालं.

निवृत्त_नेमबाज

उत्तम. मग शनिवार पक्का. अडतीसचा डबा या वेळी मी आणेन, टार्गेटचा कागदही तोच लावेल, मला पंचवीस यार्डांवरचं काही दिसत नाही.

आणि हो, ती लाकडी मूठ. पाठवताना डीलरकडे ओरखडे पडतील अशी धास्ती वाटते. रिव्हॉल्व्हरला रबरी मूठ लावून पाठवतो. लाकडी सुटी करून दोस्ताच्या बॅगेत टाकली तर कुणाची हरकत?

एडिसनकर

नुसती मूठ म्हणजे लाकडाचे दोन तुकडे, ती बंदूक नव्हे. खुशाल द्या. स्क्रू तेवढा विसरू नका.