डिसेंबरअखेर आई-बाबा येताहेत : तोक्योत देवदर्शनाला कुठे न्यावं?

नमस्कार मंडळी,

माझे आई-बाबा साताऱ्याहून डिसेंबरअखेर येताहेत, मार्चपर्यंत राहतील. आईने आत्ताच सांगून ठेवलंय, "तिकडेही गणपती आहे म्हणतात, तो आधी दाखव." तिचे गुडघे दुखतात, फार पायऱ्या चढवत नाहीत. आम्ही निशिकासाईला राहतो. नुसते फोटो काढून परत यायचं नाहीये, इथली माणसं दर्शन घेतात तसं घ्यायचंय. कुठे न्यावं आणि काय पाळावं?

– मृणाल

*

मृणाल,

आईंना आधी असाकुसाच्या मात्सुचियामा शोदेनला ने. मेट्रोच्या तोझाई लाईनने निहोनबाशी, तिथून गिन्झा लाईनने असाकुसा, पुढे सुमिदा नदीच्या कडेने थोडं चालणं. देऊळ छोट्या टेकडीवर आहे, पण वर जायला रुळावरून सरकणारी छोटी गाडी आहे. गुडघ्यांची काळजी नको.

इथला देव कांगितेन, म्हणजे आपला विनायकच. मंत्रयान या बौद्ध धर्माच्या मंत्र-तंत्रावर भर देणाऱ्या शाखेबरोबर भारतातून चीनमार्गे इथवर आला. मात्र मूर्ती दिसणार नाही, हे आईंना घरूनच सांगून निघ, नाहीतर तिथे जाऊन हिरमोड व्हायचा. कांगितेनची मूर्ती बहुधा एकमेकांना आलिंगन देणाऱ्या दोन गजमुखी देवांची असते आणि ती झाकूनच ठेवतात. तिला तेलाचा अभिषेक होतो, तोही पुजारी बंद दारामागे करतात. भक्त बाहेरूनच हात जोडतात. मला हे फार आवडतं. देव दिसला नाही म्हणून तिथे कोणाचीही श्रद्धा उणी पडत नाही.

नैवेद्य मुळ्याचा! पांढराशुभ्र, हातभर लांबीचा दाइकोन तिथेच विकत मिळतो, तो देवापुढे ठेवायचा. माणसाच्या मनातलं रागाचं विष म्हणजे हा मुळा, तो देवाला देऊन मन मोकळं करायचं, अशी तिथली समजूत. देवळात बघशील तिथे एकमेकांत गुंतलेल्या दोन मुळ्यांची आणि पैशाच्या बटव्याची चिन्हं कोरलेली दिसतील. वाहिलेले मुळे नंतर भक्तांना घरी न्यायला ठेवतात. आपल्याकडे नारळाचा प्रसाद घरी नेतो तसंच. आईंनी त्याची भाजी जरूर करावी. ७ जानेवारीला तिथे मुळ्याचा उत्सव असतो, शिजवलेला मुळा वाटतात. मुळ्यावरच्या मिसोत (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) किंवा रश्श्यात मासळीचा अंश असू शकतो, शाकाहारी असाल तर आधी विचारून घ्या.

दुसरं ठिकाण तुझ्याच लाईनवर, मोंझेन-नाकाचोला उतरून फुकागावा फुदोदो. तिथे दिवसातून अनेकदा गोमा होतो. गोमा म्हणजे होमच. अग्नीत समिधा पडतात, ताइको नावाचे मोठमोठे ढोल घुमतात, मंत्र चालू असतात, छातीत धडधड जाणवते. शेवटी लोक आपल्या पर्सा-पिशव्या पुढे देतात, त्या ज्वाळांवरून फिरवून परत मिळतात. बूट काढावे लागतात. आत फोटो काढू देत नाहीत, आणि तेच बरं.

१ ते ३ जानेवारीला मात्र कुठेच जाऊ नका. वर्षातल्या पहिल्या दर्शनाला अख्खं शहर लोटतं, आईंना तासन्‌तास रांगेत उभं राहावं लागेल.

पाळायचं एवढंच. पाण्याचं कुंड असेल तिथे आधी डावा हात, मग उजवा, मग ओंजळीतल्या पाण्याने चूळ; पळी तोंडाला लावायची नाही. तोरी कमान दिसली की ते शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं देवस्थान. तिथे दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध देवळात टाळ्या नाहीत, शांतपणे हात जोडायचे. असाकुसातलं सेन्सोजी हे बौद्ध देऊळ आणि असाकुसा जिंजा हे शिंतो देवस्थान शेजारी-शेजारीच आहेत, त्यामुळे एकाच फेरीत दोन्ही पद्धती आईंच्या लक्षात येतील.

– अरविंदकाका

*

मृणाल,

काकांनी सेन्सोजीचा विषय काढलाच आहे, तर फेब्रुवारीतला सेत्सुबुनचा सण चुकवू नकोस. बहुतेक वर्षी ३ तारखेला येतो. भाजलेले सोयाबीन फेकत बाकी ठिकाणी "ओनी वा सोतो", म्हणजे राक्षसांनो बाहेर व्हा, असं ओरडतात. सेन्सोजीत ते म्हणत नाहीत, कारण तिथली करुणेची देवता कान्नोन, तिच्यासमोर राक्षस असूच शकत नाहीत! तिथे फक्त सुखसमृद्धीला आत बोलावतात. सात भाग्यदेवतांचं नृत्यही असतं. त्यातली बेन्तेन म्हणजे आपली सरस्वती आणि बिशामोन म्हणजे कुबेर. आईंना आधी सांगून ठेवलंस तर त्या दोघांना गर्दीतही बरोबर ओळखतील.

देवळासमोर मोठं धूपपात्र आहे. दुखऱ्या जागेवर त्याचा धूर ओढून घेतात. गुडघ्यांसाठी आईंना तिथे जरा वेळ थांबू दे.

असाकुसा जिंजाचा मोठा उत्सव, सांजा मात्सुरी, मे महिन्यात, ते यावेळी जमायचं नाही. पुढच्या खेपेला त्यांना उन्हाळ्याच्या तोंडावर बोलाव.

– सुनीतावहिनी

*

काका, वहिनी, मनापासून आभार. आईला फोनवर मुळ्याचं सांगितलं, तर ती लगेच म्हणाली, "त्याचा पालाही टाकू नकोस, पीठ पेरून करू." ७ तारखेला आम्ही नक्की जातोय. निशिकासाईहून कोणाला बरोबर यायचं असेल तर याच मेलला उत्तर द्या. सकाळी साडेआठला स्टेशनच्या फाटकापाशी भेटू.

– मृणाल