कम्युनिटी कॉलेजात पहिलं ग्रँट (अनुदान) कसं मिळवायचं?

प्रश्न (ओहायोहून):
इथल्या एका लहान कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांचं कॉलेज) मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. सेमिस्टरला ५ वर्ग. ऑसिलोस्कोप (विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवणारी यंत्रं) मी रुजू झाले तेव्हापासूनचेच. मुलं दिवसभर गोदामात राबून संध्याकाळी वर्गात येतात, त्यांना या जुन्या यंत्रांवर शिकवताना जीव तुटतो. ग्रँट ऑफिस आमच्याकडे नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर (न्यू जर्सी):
ताई, नॅशनल सायन्स फाउंडेशन (एनएसएफ) या विज्ञानाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेचा ‘एटीई’ हा तंत्रज्ञ घडवण्यासाठीचा कार्यक्रम बघा. १९९२ च्या कायद्यातून आलेला, भर दोन वर्षांच्या कॉलेजांवर. नवख्या कॉलेजांसाठी वेगळा छोटा गट आहे. ‘मेंटॉर-कनेक्ट’ या मार्गदर्शन उपक्रमातले अनुभवी प्राध्यापक अर्ज लिहिताना सोबत असतात, मी ग्रँट लिहायला तिथेच शिकलो. आणि सरकारी निधीसाठी लागणारी सॅम डॉट गव्ह या वेबसाइटवरची कॉलेजची नोंदणी चालू आहे का, हे आजच विचारा. आमची संपली होती, शेवटच्या आठवड्यात नुसती धावाधाव!

उत्तर (टेक्सास):
नुसती यंत्रांची यादी पाठवू नका. माझा पहिला अर्ज त्यामुळेच परत आला. तंत्रज्ञ कसे घडणार, ते एनएसएफला हवं असतं. म्हणून आधी आसपासच्या कारखान्यांत जाऊन बोला. यंत्रांसाठी पर्किन्स कायद्याचा (व्यवसाय-शिक्षणासाठीचा केंद्रीय कायदा) निधीही आहे, तो राज्यामार्फत येतो, डीनना विचारा. बजेटमध्ये तुमचा एक वर्ग कमी होईल एवढा वेळ मागाच. रात्री जागून प्रकल्प चालवता येत नाही, मी करून बघितलंय.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. पर्किन्सचं तर मला कुणी सांगितलंच नव्हतं. उद्या सकाळीच डीनना भेटते.