घरात धान्य आहे, हातात १,००० रुपये आहेत आणि मुले खात नाहीत : सल्ला हवा आहे

गोदाकाठ
सर्वांना नमस्कार. आम्ही नाशिकला राहतो. घरात मी, पती, सासूबाई, ९ वर्षांचा मुलगा आणि ५ वर्षांची मुलगी अशी पाच माणसे आहेत. शाळा सुरू झाल्यामुळे वह्या-पुस्तके, गणवेश आणि रिक्षाचे आगाऊ पैसे यांतच या महिन्याचा पगार संपला. आज २२ तारीख आहे आणि पुढचा पगार ७ तारखेला होईल. दूध आणि गॅस यांचे पैसे बाजूला काढल्यावर हातात १,००० रुपये उरतात. या १५ दिवसांचा भाजीपाला त्यातच भागवायचा आहे.

धान्याची अडचण नाही. ज्वारी ८ किलो, तांदूळ ५ किलो, गव्हाचे पीठ, मसूर डाळ १ किलो, मटकी अर्धा किलो, थोडी हरभरा डाळ, नणंदेने गावाहून पाठवलेले कुळीथ, शेंगदाणे, गूळ, पोहे आणि उन्हाळ्यात केलेल्या कुरडया व सांडगे एवढे सारे डब्यांत आहे. अडचण मुलांची आहे. मुलगा हिरवे काही दिसले की ताट पुढे सरकवतो. मुलीला दाताखाली काही आलेले चालत नाही. परवा तिने वरणातल्या मोहरीचे अकरा दाणे वेचून ताटाच्या कडेला ओळीने मांडले. तोवर भात गार झाला आणि तिची भूकही मेली. रोज दोन वेगळे स्वयंपाक करणे मला शक्य नाही. नवे काही विकत न आणता मुलांच्या पोटात चार घास कसे जातील, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

भाजणीवाली
ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर भाजणीच्या थालीपिठात आहे. ज्वारी २ वाट्या, बाजरी १, तांदूळ १, गहू अर्धी, हरभरा डाळ अर्धी, उडीद डाळ अर्धी आणि धने पाव वाटी घ्यावेत. प्रत्येक धान्य वेगवेगळे मंद आचेवर भाजावे आणि गार झाल्यावर गिरणीतून दळून आणावे. आमच्या घरी ही भाजणी वर्षभर असते आणि माझ्या दोन्ही मुलांनी आजवर थालीपिठाला कधीही नाही म्हटलेले नाही. पीठ मळताना कोबी, गाजर, दुधी असे जे असेल ते किसून घालावे, म्हणजे मुलांना कळतही नाही.

सह्याद्री७७
आम्ही मागच्या दिवाळीत साडेपाच हजारांत एअर फ्रायर घेतला आणि आमच्या घरातला हा प्रश्न कायमचा मिटला. तुमच्या मटकीच्याच टिक्क्या करून त्यात ठेवल्या तर तेल जवळजवळ लागत नाही आणि मुले मागून खातात. एकदाच होणारा हा खर्च आहे, त्यामुळे पैशांकडे पाहू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

जुना सातारकर
एवढे लाड करण्याचे कारण मला समजत नाही. आम्ही सहा भावंडे होतो आणि ताटात जे पडेल ते निमूटपणे खात होतो. एक वेळ उपाशी राहिले की दुसऱ्या वेळी मूल आपोआप जेवते. मी माझ्या मुलांना असेच वाढवले आणि आज ती सर्व काही खातात. शिवाय हल्ली शाळेतून आल्याबरोबर मुलांच्या हाती बिस्किटांचा पुडा दिला जातो, मग जेवणाच्या वेळी भूक कुठून लागणार?

खानदेशची लेक
ताई, तुमच्या डब्यात कुरडया आहेत आणि त्यांच्याविषयी अजून कोणी बोललेच नाही, याचे मला आश्चर्य वाटते. आमच्याकडे जळगावला पावसाळ्यात भाजी महाग झाली की कुरडईची भाजी हमखास होते. कुरडया कोमट पाण्यात मऊ होईपर्यंत भिजवाव्यात, मोडू न देता हलक्या हाताने पिळून घ्याव्यात आणि कांद्याच्या फोडणीत परतून दोन वाफा आणाव्यात. कुरडईच्या चिकात मीठ असतेच, म्हणून भाजी चाखल्याशिवाय वरून मीठ घालू नये. मी पहिल्यांदा केली तेव्हा ही चूक केली होती आणि आख्खी कढई वाया गेली. त्या लांब पांढऱ्या तारा मुलांना नूडल्ससारख्या दिसतात. माझा भाचा तिला भाजी म्हणतच नाही.

सोलापूरचा अण्णा
वर दिलेल्या भाजणीत पाव वाटी धने सांगितले आहेत, ते फार होतात. एवढ्या धन्यांनी पीठ उग्र होते आणि लहान मूल पहिल्याच घासाला तोंड फिरवते. आमच्याकडे धन्याच्या निम्मे जिरे घेतात.

दुसरे असे की, या ताईंनी बाजरी घरात असल्याचे लिहिलेलेच नाही. आणायची झालीच तर पीठ आणू नये, धान्य आणावे. बाजरीचे पीठ आठवडाभरातच कडवट होऊ लागते. गेल्या पावसाळ्यात मी स्वस्त मिळाले म्हणून ४ किलो दळलेले पीठ उचलले आणि शेवटी त्यातले अर्धे गायीला घालावे लागले. ज्वारीसुद्धा एकदम दळू नये. पाच माणसांना दोन-दोन किलो पुरते, आणि पीठ ताजे असले की भाकरीला विरी राहते, ती थापताना चिरत नाही.

भाजणीवाली
अण्णा, आमच्या सासूबाई चाळीस वर्षे याच प्रमाणाने भाजणी करत आल्या आहेत. धने कमी घातले तर ती भाजणी राहत नाही, नुसते मिश्र पीठ होते.

दापोलीकर
भाजणीचा वाद बाजूला ठेवून कुळथाकडे वळावे. कुळीथ भाजून, भरडून, साले पाखडून दळून आणले की त्याची पिठी होते. तिला पिठले म्हणू नये, पिठले बेसनाचे. लसणाच्या फोडणीत पाणी उकळावे, आमसूल टाकावे आणि पाण्यात कालवलेले पीठ धार धरून सोडत ढवळत राहावे. गाठ झाली तर तुमच्या मुलीला ती लगेच लागेल. गरम मऊ भातावर ही पातळ पिठी आणि थोडे तूप घातले की दाताखाली काहीही येत नाही. पाच माणसांच्या एका जेवणाला अर्धी वाटी पीठ पुरते.

निळी छत्री
भाज्या लपवून घालण्याविषयी माझा अनुभव फार वाईट आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. मी पोळीच्या कणकेत बीट किसून घातले आणि मुलाला ती गुलाबी पोळी असल्याचे सांगितले. तिसऱ्या दिवशी त्याला बिटाचा एक बारीक तुकडा सापडला. त्याने काही न बोलता तो बोटाच्या टोकावर घेऊन मला दाखवला. त्यानंतर महिनाभर तो प्रत्येक पोळी उजेडासमोर धरून पाहिल्याशिवाय खात नव्हता. बीट तर गेलेच, साधी पोळीही गेली. तेव्हापासून मी काहीही लपवत नाही.

फळा आणि खडू
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमच्या शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलासाठी एका वेळेला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी असे प्रमाण धरलेले आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा हिशेब आहे. हेच माप तुमच्या डब्यांना लावून पाहा. १ किलो मसूर डाळीत २० ग्रॅमच्या ५० वाढण्या होतात. म्हणजे दोन्ही मुलांना दोन्ही वेळा वरण दिले तरी १५ दिवसांत ६० वाढण्या लागतील आणि तुमची मसूर, मटकी व कुळीथ मिळून ती गरज सहज भागेल. मुलांच्या बाबतीत तरी प्रश्न धान्याचा नाही आणि पैशांचाही नाही.

दुसरी गोष्ट मी रोज डोळ्यांनी पाहते. घरी मटकीला हात न लावणारे मूल शाळेत पंगतीला बसले की शेजारच्याकडे पाहून मटकीची उसळ खाते. नव्या किंवा नावडत्या पदार्थाची ओळख व्हायला तो आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावा लागतो. म्हणून ताटात चमचाभरच वाढावे, आग्रह करू नये, ओरडू नये आणि उरले तर न बोलता उचलावे. जुने सातारकर यांचे बिस्किटांविषयीचे म्हणणे योग्य आहे, जेवणाआधी दोन तास वरचे खाणे बंद असावे. मात्र शिक्षा म्हणून उपाशी ठेवणे मला मान्य नाही. आईने काय आणि केव्हा वाढायचे ते ठरवावे, किती खायचे ते मुलाने ठरवावे.

मटकी जुनी असेल आणि लवकर शिजत नसेल, तर खाण्याचा सोडा घालू नका, त्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते. भिजवण्याचा वेळ वाढवा. शेंगदाणे पावसाळ्यात एकदा निवडून घ्या. बुरशी आलेला, काळवंडलेला किंवा कडू लागणारा दाणा भाजून वापरण्याचा मोह टाळा, तो फेकूनच द्या. त्या बुरशीचे विष भाजल्याने जात नाही.

ओंजळ
आधी कोणी सांगितले असल्यास क्षमस्व, पण भाजणीचे थालीपीठ करून पाहावे. त्यात सर्व भाज्या खपतात.

सह्याद्री७७
थालीपीठसुद्धा एअर फ्रायरमध्ये उत्तम होते.

गोदाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. चार दिवस प्रयोग केल्यानंतर मुद्दाम लिहीत आहे.

भाजणी मी केली नाही. बाजरी आणि उडीद डाळ आणण्यात माझे पैसे गेले असते. शिवाय निळी छत्री यांचा अनुभव वाचल्यापासून किसून लपवण्याचा विचारच सोडून दिला. रोज नवा पदार्थ करणेही बंद केले आहे. रात्री रोज मसुरीचे वरण आणि भात असतो. वरण घोटून झाले की मुलांचे आधी काढून घेते. फोडणी लहान कढल्यात करून ताटांच्या मधोमध ठेवते आणि ज्याला हवी तो घेतो. त्यामुळे मुलीचे मोहरी वेचणे संपले आणि भात गरम असतानाच ती जेवू लागली. सोबत आमच्यासाठी जे केलेले असेल, त्यातले चमचाभर तिच्याही ताटात असते.

कुरडईची भाजी मुलाने दोनदा मागून घेतली. मुलीने मात्र भाजीला हात लावला नाही आणि कोरडी कुरडई तळून मागितली. कुळीथ अजून दळायला गेलेले नाहीत, पाऊस उघडला की देईन. हजारातले आजवर १९० रुपये खर्च झाले, त्यात कांदे, बटाटे, लिंबे आणि एक मेथीची जुडी आली. मेथीची भाजी मुलाच्या ताटात चमचाभर वाढली होती, ती तशीच उरली. मी ती न बोलता उचलली. सासूबाईंना हे मुळीच पटलेले नाही आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितले.

मटकी सकाळी भिजत घातली आहे. रात्री ती फडक्यात बांधून खुंटीला टांगण्याचे काम मुलाने स्वतः मागून घेतले आहे.