मदत हवी आहे: ताईसाठी निवासी व्यसनमुक्ती केंद्र, पण लेकीसह

ताईची दारू सुटावी म्हणून वर्षभर धडपडतोय. मागच्या महिन्यात तिने स्वतःच ठरवून एकदम बंद केली. दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरायला लागले की पेला दोन्ही हातांनी धरूनही पाणी सांडत होतं. रात्री फिट आली. डॉक्टर चिडलेच. म्हणाले, रोज भरपूर पिणाऱ्याने अशी अचानक थांबवायची नसते, पहिले ६ ते ४८ तास फिटचा धोका जास्त असतो, देखरेखीखालीच सोडवायची.

आता ती राहून उपचार घ्यायला तयार आहे. अडचण चार वर्षांच्या लेकीची. एका केंद्रात विचारलं, तर बायकांची 'वेगळी सोय' म्हणजे पुरुषांच्याच मजल्यावरची कोपऱ्यातली खोली! (वर "बाई असून पिते?" हा सूर. फोन ठेवून दिला.)

फक्त स्त्रियांसाठी असलेल्या, मूल सोबत ठेवू देणाऱ्या ठिकाणी तुमच्यापैकी कुणी किंवा घरातलं कुणी राहिलंय का? भरती करण्याआधी काय काय विचारून घ्यावं? रात्री नर्स असते का, एवढंच मला सुचलंय. आणि घरी परतल्यावर पाठपुरावा कोण करतं? ताईला खरी धास्ती त्याचीच आहे.